जाळीजवळचा कोट

१

अंबड रस्त्यावरच्या त्या गावाला नगरपंचायत मिळाली आणि नगरपंचायतीला नवी इमारत मिळाली. इमारत रंगाने पिवळी होती, पण कागदोपत्री हिरवी. दारातच संगमरवरी पाटी होती. तिच्यावर, ज्यांनी एक वीटही उचलली नव्हती अशा एकोणीस जणांची नावं कोरलेली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘पर्यावरणपूरक कार्यालय’.

पाटीवर इमारतीचे गुणही दिले होते. पावसाचं पाणी साठवायला अंगणाखाली टाकी होती. ती टँकर बोलावून भरत. पुढच्या भिंतीवर उभी बाग होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती जळाली तेव्हा तिथे प्लास्टिकची पानं लावली, आणि कुणी मोठा पाहुणा येणार असला की शिपाई त्या पानांवर पाणी मारायचा. छतावर एक उंच मनोरा होता. तो वरचा वारा पकडतो, भिंतींतल्या पोकळीतून खाली आणतो आणि लोखंडी जाळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडतो, म्हणून इथे एसी लागत नाही, असं पाटी म्हणत होती. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात एक एसी होता. तो पाटीवर नव्हता.

आणि दिवे होते. इमारतीच्या मधोमध जाणाऱ्या बोळांना खिडकीच नव्हती, त्यामुळे तिथे भर दुपारीही अंधार असे. पण बटण कुठेच नव्हतं. छताला पांढरे डोळे बसवले होते. माणूस हलला की दिवा लागायचा, आणि काही वेळ कुणी हललं नाही की विझायचा. खोल्यांत पंधरा मिनिटं, बोळात पाच, जिन्यात तर अर्ध्याच मिनिटात. कोणत्या खोलीत किती वेळ हालचाल होती याची नोंद आपोआप होत होती आणि दर शनिवारी ती साहेबांच्या टेबलावर येत होती. वीज वाचवायला आलेली वस्तू माणसं मोजायला लागली, आणि हे मात्र पाटीवर लिहायचं राहून गेलं.

अक्षता रोज शाळा सुटली की तिथे यायची. दहावीचं वर्ष होतं, आणि घराला लागून पिठाची गिरणी होती. तिची आई नंदाबाई इमारतीत ठेकेदाराकडून सफाईला होती. सगळ्यात वरचा मजला तिच्याकडे. साडेसहाला आईचं काम संपेपर्यंत अक्षता जिन्याजवळच्या बाकावर वही घेऊन बसायची. ती कुणाशी बोलायची नाही. लोकांना वाटे, पोरगी लाजाळू आहे. होतीच. पण लाजाळू माणसाला बघायला खूप वेळ मिळतो, आणि त्या इमारतीत तिने जे जे पाहिलं होतं त्यातल्या कशाबद्दलही तिला आदर वाटत नव्हता.

२

कारभारी भाऊसाहेब हे तिथले वरिष्ठ लिपिक. जुन्या कार्यालयात त्यांची एक पद्धत होती. उघड्या फायलीवर चष्मा ठेवायचा, खुर्ची थोडी मागे सरकवायची आणि निघून जायचं. आलेल्याला वाटायचं, भाऊसाहेब इथेच कुठेतरी आहेत. त्या कामासाठी त्यांनी एक वेगळा चष्माच ठेवला होता.

नव्या इमारतीत तो चष्मा चालेना. पांढऱ्या डोळ्याला चष्मा दिसत नव्हता, हालचाल दिसत होती. महिन्याभरात भाऊसाहेबांना तीन नोटिसा आल्या. चौथ्या वेळी त्यांनी डोकं चालवलं. घरून एक निळा शर्ट आणला, हँगरला लावला आणि आपल्या खुर्चीमागच्या जाळीवर टांगला. वाऱ्याने शर्ट हलेल, हललेला शर्ट डोळ्याला दिसेल, नोंद होत राहील. तसंच झालं. भाऊसाहेब चहाच्या टपरीवर, शेतावर, एकदा तर भाचीच्या लग्नाला दोन दिवस केदारखेड्याला, आणि इकडे त्यांच्या खोलीचा दिवा तेवत राहिलेला. त्या शनिवारी साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या हजेरीचं कौतुक केलं.

मग काय, पंधरा दिवसांत खोलीखोलीतून शर्ट लटकले. बांधकाम विभागात तर ओळीने तीन. जाळीतून वारा येतो हे सगळ्यांना माहीतच होतं, कारण तसं पाटीवर लिहिलं होतं. अक्षताने एकदा एका जाळीसमोर तळहात धरून पाहिला होता. काही लागलं नाही. तिने स्वतःची समजूत घातली, वारा काही सांगून येतो का? येईल तेव्हा येईल. शर्ट हलत होते, हे तर ती डोळ्यांनी बघत होती.

मुख्य रस्त्यावरचे कापड दुकानदार किशनलाल शेठ परवान्याच्या कागदासाठी सहा वेळा आले होते. सातव्या खेपेला भाऊसाहेब भेटले, तेव्हा शेठ त्यांच्याशी बोलायचं सोडून शर्टाची बाही बोटात धरून बघत बसले. आईने पाणी द्यायला पाठवलेली अक्षता दारातच उभी होती.

“भाऊसाहेब, हे कापड आपल्याच दुकानचं,” शेठ म्हणाले. “आठ म्हैन्यांपासून टांगेलच आहे ना? की अधूनमधून घालता?”

भाऊसाहेब म्हणाले, कशाला घालू, तो नोकरीला आहे.

“मंग ह्या वळ्या कशा पडल्या कोपरात? चाळीस वर्षं कापड इकून राह्यलो मी. नुसतं टांगलेलं कापड खाली ताणतं, कोपरात मोडत न्हाई. त्याला आत हात लागतो.”

“शेठ, तुम्ही परवाना न्यायला आले का शर्टाचं माप घ्यायला?”

खोलीतले सगळे हसले. शेठही हसले, पण बाही सोडल्यावर त्यांनी बोटं धोतराला पुसली. अक्षताने ते पाहिलं.

त्याच सुमारास एक नवी गंमत सुरू झाली होती. खालच्या बेसिनचा नळ हात पुढे केला की आपोआप सुरू व्हायचा, तो कारभारी भाऊसाहेबांना पाणी देईना. बोळातले दिवेही त्यांच्यासाठी लागेनात. बाकी सगळ्यांसाठी लागत. जाताना भाऊसाहेब दोन्ही हात वर करून हलवायचे, स्टँडवर एसटी मागे घ्यायला लावणाऱ्या कंडक्टरसारखे, आणि मग मोबाइलचा उजेड पाडत भिंतीच्या कडेने जायचे. लोक त्यांना खो खो हसायचे. अक्षताही वहीत तोंड घालून हसली होती.

३

दिवाळी झाली आणि नंदाबाईचं जुनं पोटाचं दुखणं वाढलं. पिशवी काढावी लागेल, असं जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. ठेकेदाराने मात्र त्याआधीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं: सलग चार दिवस मजल्यावर हालचाल दिसली नाही तर दुसरी बाई. वडील एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर होते. पण घराचं भाडं आणि अक्षताची शाळा आईच्या कामावरच चालायची. ते काम गेलं तर दहावीनंतर पुढे काही नाही, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“मी बारा दिवसांत उठते,” नंदाबाई म्हणाली. महिन्याचे बारा दिवस तिने स्वतःच करून टाकले.

पण बारा दिवसही चारांपेक्षा जास्तच होते. तोड कारभारी भाऊसाहेबांनी सुचवली, आणि तीही मोठ्या प्रेमाने.

“नंदाबाई, तुम्ही बिलकुल घोर करू नका. तुमचा तो हिरवा कोट टांगून द्या वर जाळीपाशी. माझा शर्ट आठ म्हैने झाले नोकरी करून राह्यला, एक रजा न्हाई त्याची.”

खरं काम कोण करणार, हा प्रश्न उरला. खालच्या मजल्यावरच्या उषाबाई म्हणाल्या, मी मारीन वर दोन हात, तुम्ही निर्धास्त जा.

नंदाबाईला ते पटत नव्हतं. बिनकामाची हजेरी लावायची तिला लाज वाटत होती. ती त्या इमारतीतली लाज वाटणारी एकटीच असावी. शेवटी निघायच्या सकाळी तिने कामावर घालायचा तो कोट घडी करून अक्षताच्या दप्तरात ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, तुला बराबर वाटंल तसं कर.

अक्षताने संध्याकाळी कोट टांगला. वरच्या बोळाच्या एका टोकाला जिना होता आणि दुसऱ्या टोकाला जुन्या कागदपत्रांची खोली. त्या खोलीच्या दाराशेजारी जाळी होती आणि जाळीवर एक खिळा. कोटावर पाठीमागे ‘माझे गाव हिरवे गाव’ असं छापलं होतं आणि बाह्या आईने नेहमीसारख्या दोनदा दुमडलेल्या होत्या. ज्या लोकांना ती इतके दिवस मनातून हसत होती, त्यांच्यासारखंच आपणही केलं, हे तिला खिळ्यावरून हात काढताना कळलं. कोट हलला नाही. ती बाकावर येऊन बसली, आणि पाच मिनिटांनी बोळातला दिवा विझला. मग ती उठायच्या आधीच तो पुन्हा लागला.

४

त्यानंतर ती रोज येऊन बाकावर बसे. घरी जाऊन तरी काय करणार, गिरणी चालूच होती. शिवाय कोट पडला तर परत टांगायला कुणीतरी हवं.

कोट पडला नाही. बाकावरून तो बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसायचा. एकसारखा हलत नसे. थोडा वेळ स्तब्ध, मग एक झोका, मग पुन्हा स्तब्ध. झोका नेहमी उजवीकडून डावीकडे. वाऱ्याला अशी सवय असते का, असं तिच्या मनात आलं, आणि तिने भूमितीचं प्रमेय पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

फरशी स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशी ते तिच्या नीट लक्षात आलं. नुसती झाडलेली नाही, पुसलेली. फेनाइलचा वास ताजा होता, आणि बोळाच्या मध्यावर फरशी अजून ओली होती. उषामावशी बोलल्याप्रमाणे वागतात हे पाहून तिला नवल वाटलं, कारण त्या इमारतीत बोलल्याप्रमाणे वागणारं तिने कुणी पाहिलं नव्हतं.

ती वाकून बघू लागली. ओल्या फरशीवर पोछ्याचे फराटे दिसत होते. अर्धगोल, एकात एक, आणि प्रत्येकाचं शेपूट डावीकडे वळलेलं. तिची आई डावखुरी होती. आई पुसायची तेव्हा असेच फराटे उमटायचे. लहानपणी अक्षता त्यांना माशांचे खवले म्हणायची.

उषामावशी डावखुऱ्या असतील. किंवा फराटे कुणाचेही असेच दिसत असतील. तिने कधी दुसऱ्या कुणाचे नीट पाहिले होते? नव्हते. मग झालं तर. ती बाकावर परत आली आणि पाय वर घेऊन बसली. पाठीमागून एक आवाज यायचा, बादलीची कडी बादलीवर पडावी तसा. खालच्या मजल्यावर लोक काम करत असतात. म्हणजे काम करत नसतात, पण वस्तू इकडून तिकडे करत असतात.

५

पाचव्या दिवशी, रविवारी, ती जालन्याला आईला भेटायला गेली. ऑपरेशन नीट झालं होतं. आई कुशीवर होऊन पडली होती, एक हात पोटावर. चेहरा उतरलेला, पण हसली.

“झोप येती का?” अक्षताने विचारलं.

“झोप लई येती. पण आराम न्हाई पडत बाई. डोळा लागला का पुसतच राहती मी. तोच बोळ. दिवसभर पुसून राह्यले, संपतच न्हाई.”

गुंगीचं औषध होतं, त्याने होतं असं, हे अक्षतालाही कळत होतं. तिने आईचा हात हातात घेतला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. अंगठ्याच्या मुळाशी ताजा फोड होता, जिथे पोछ्याची काठी घासते तिथे. दवाखान्यात सगळीकडेच फेनाइलचा वास येतो. आईच्या हाताला तो जरा जास्त येत होता.

सोमवारी तिने उषाबाईंना गाठलं. स्वतःहून कुणाशी बोलायची तिची ती त्या इमारतीतली पहिलीच वेळ. मजला छान पुसता, म्हणून आभार मानावेत आणि डावखुऱ्या आहात का ते बघावं, एवढंच मनात होतं.

उषाबाई तंबाखू मळत होत्या. उजव्या अंगठ्याने.

“मी कुठं गेल्ते गं वर? गुडघे पाह्य माझे. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढले, वरून पोछ्याचा आवाज आल्ता. म्हणलं पोरगी शाळा बुडवून आईचं काम करून राह्यली. गुणाची हाय. आले मंग खाली.”

 अक्षता जिन्याने वर गेली, बाकापर्यंत. बोळाच्या टोकाला कोट होता. तो काढून घ्यायला चाळीस पावलं पुरली असती.

तिने हिशोब केला. उषामावशी खोटं बोलत असतील. काम केल्याचं लपवणारी माणसं या जगात कमी असतात, पण असतील एखादी. कोट काढला तर उद्यापासून मजला रिकामा दिसेल, आणि आईला यायला अजून सहा दिवस होते. सहातून चार सहज जातात. दुसरी बाई येईल. आईने पोटाला टाके घालून घेतले ते फुकट जातील.

ती खाली आली. कोट तिथेच राहिला. त्या दिवशी तिने जे केलं त्याला तिने पुढे कधी भीती असं नाव दिलं नाही. भीती वाटली असती तर तिने कोट काढला असता. तिला तो उपयोगी वाटला होता.

६

तेराव्या दिवशी नंदाबाई कामावर आली. एक हात पोटावर, दुसरा कठड्याला, पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. अक्षताने शाळेला दांडी मारली होती. ती आईच्या मागे होती.

जिन्यातला दिवा लागला नाही.

“बिघडला वाटतं,” नंदाबाई म्हणाली. तेवढ्यात अक्षता पुढे झाली आणि दिवा लागला.

बेसिनच्या नळाने पाणी दिलं नाही. अक्षताने हात धरला, तिच्या हातावर आलं, आणि तेच बादलीत सोडलं. वरच्या बोळात तर, अक्षता अजून जिन्याच्या तोंडाशी असताना, नंदाबाई मधोमध उभी राहून पदर हलवू लागली. छताचा पांढरा डोळा तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. खिळ्यावर कोट एकदा झुलला, आणि बोळाच्या त्या टोकाचा दिवा लगेच लागला.

आई हसली. कारभारी भाऊसाहेबांवर हसायचो ना आपण, म्हणाली.  अक्षताने मनाला बजावलं की यंत्र स्वस्तातलं आहे, इमारतीतलं सगळंच स्वस्तातलं आहे. कोट आता काढून घाल, असं ती आईला म्हणाली. नंदाबाईने कोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, म्हणाली, टाक्यांना घट्ट होतो. कोट चांगला ढगळ होता.

शनिवारी ठेकेदाराचा निरोप आला. गेल्या महिन्यात सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त काम वरच्या मजल्यावर झालं होतं. नंदाबाईची नोकरी पुढच्या अकरा महिन्यांसाठी पक्की. फक्त हे दोन-चार दिवस नोंद जरा कमी दिसते आहे, तेवढं बघा.

त्या दोन-चार दिवसांतच नंदाबाई मजला पुसत होती.

तेव्हापासून एक पद्धत पडून गेली. शाळा सुटली की अक्षता यायची आणि आईच्या पुढे चालायची. ती चालली की दिवे लागायचे आणि त्या उजेडात आई मागून पुसत यायची. अक्षता बसली की आई अंधारात. एकदा शिपाई बोळातून गेला आणि नंदाबाईच्या ओल्या फरशीवर पाय देऊन, तिला धक्का लागूनही, न बघता पुढे गेला. असा माजोरडेपणा त्या इमारतीला नवा नव्हता. पण तो दारापाशी थांबला, कोटाकडे बघून म्हणाला, “नंदाबाई, वर चहा पाठवू का?” आणि उत्तराची वाट न पाहता गेला.

चहा आला. कपबशी कोटाखालच्या स्टुलावर ठेवलेली होती. अक्षताने ती पाहिली तेव्हा कप रिकामा होता.

७

इमारतीला हरित दर्जाचे तारे द्यायला मुंबईहून माणसं येणार होती, म्हणून सगळीकडे धावपळ उडाली. प्लास्टिकची पानं साबणाने धुतली. शर्ट मात्र कुणी काढले नाहीत. दर्जा देणारे हालचालीच्या नोंदी बघणार होते.

बुद्धभूषण वायरमन जाळ्या साफ करायला आला होता. त्या इमारतीत आपलं काम येणारा तो एकच माणूस होता, आणि म्हणून त्याला रोजंदारीवर ठेवलं होतं. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. त्याने वरच्या बोळातली जाळी उघडायला घेतली. अक्षता त्याला बॅटरी धरून उभी होती. कोट खिळ्यावर तसाच, त्याच्या खांद्याला लागून. नंदाबाई कागदपत्रांच्या खोलीत, दारातून येणाऱ्या उजेडात, वाकायचं नसताना वाकून खालचे कप्पे पुसत होती.

चारही स्क्रू निघाले. बुद्धभूषणने जाळी बाजूला ठेवली आणि आत हात घातला. हात मनगटापर्यंतच गेला.

“बॅटरी इकडं पाड.”

जाळीच्या मागे भिंत होती. विटा, वर सिमेंटचा गिलावा, त्यात गवंड्याची चार बोटं उमटलेली.

“ही पण तसलीच,” तो म्हणाला. “सकाळपासून सतरा उघडल्या. वर मनोऱ्यावर जाऊन आलो, तिथं स्लॅब टाकेल हाय, भोकच न्हाई ठेवलं. बिल उचललं अन् बंद केलं. ह्या इमारतीत एक दिवस वारं आलं न्हाई, ताई. यायला जागाच न्हाई.”

तो बोलत असताना त्याच्या खांद्याशी कोट झुलला. उजवीकडून डावीकडे. थांबला. परत एकदा.

बुद्धभूषणने तो पाहिला.  हत्यारं पिशवीत टाकली, जाळी भिंतीला टेकवून तशीच ठेवली आणि भराभर निघून गेला. एक पेचकस खाली राहिला होता. त्यासाठी तो परत आला नाही.

अक्षताच्या मनात आधी राग आला. एकोणीस नावं, संगमरवर, आणि मागे चार विटा. तिला ते सगळं इतकं हलकं, इतकं भिकार वाटलं की क्षणभर बाकी काही सुचेना. मग खालच्या खोल्याखोल्यांतून आठ महिने झुलणारे शर्ट तिच्या डोळ्यांसमोर आले. बांधकाम विभागात ओळीने तीन.

८

तिने बॅटरी कोटावर धरली.

कोपरांत वळ्या होत्या. खोल, मळक्या, रोज हात वाकवून पडतात तशा. काखेत घामाचा ओला डाग. खालची कड भिजलेली, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं. बाह्या आईने दुमडल्या होत्या तशाच होत्या, दोनदा. आणि डाव्या बाहीच्या घडीखाली, उजेड तिथे टेकला तेवढ्यापुरती, चार बोटांची टोकं होती. पांढरी, सुरकुतलेली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी आत वळलेली.

तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कोट खिळ्यावरून ओढून काढला.

काही झालं नाही. हातात एक ओला कोट होता, कोटाएवढ्याच वजनाचा. ती हलत असतानाही बोळातले दिवे विझले. बॅटरी कुठेतरी गडगडत गेली.

“आई,” ती म्हणाली, “घरी चल. असू दे काम.”

कागदपत्रांच्या खोलीच्या बाजूला अंधारात हालचाल झाली. कुणीतरी तिच्याजवळ आलं, तिच्या हातातला कोट घेतला, अंगात घातला. फेनाइलचा वास, बांगड्यांचा ओळखीचा आवाज. आणि बोळातला पहिला दिवा लागला. आई पुढे चालत होती, पाठमोरी, ‘माझे गाव हिरवे गाव’, आणि तिच्या पुढे पुढे दिवे लागत होते. दुसरा, तिसरा, चौथा. अक्षता अजून जागची हलली नव्हती. दिवे आईसाठी लागत होते.

तिला रडू आलं. इतकं सोपं होतं. कोट काढायचा होता, एवढंच. चाळीस पावलं होती आणि तिने त्याला इतके दिवस लावले होते. ती धावत आईच्या मागे गेली. जिन्यातही दिवा लागला. पायऱ्यांवरून आईची पावलं उतरत होती, टप टप टप, एका पायरीवर एक पाऊल, भरभर. अक्षता मधल्या वळणावर पोहोचली तेव्हा आई खालच्या वळणावर होती. कोटाच्या दोन्ही बाह्या मोकळ्या झुलत होत्या.

एक हात पोटावर नव्हता. एक हात कठड्यावर नव्हता.

अक्षता थांबली.

वरून, बोळाच्या अगदी टोकाकडून, हाक आली. दमलेली, हळू, कार्यालयात मोठ्याने बोलू नये अशी सवय असलेल्या माणसाची.

“अक्षे, गेलीस का गं? मला उठता यीना. जरा दिवा लाव.”

आणि खालून, त्याच आवाजात, मान वर न करता, “चल ना जल्दी. येतीस का न्हाई?”

एक पायरी वर, एक पायरी खाली. ती जिथे होती तिथे उभी राहिली. कठड्यावरचा हात तिने हलवला नाही, मानही वळवली नाही. अर्धं मिनिट झालं, आणि तिच्या डोक्यावरचा दिवा विझला.